संकलनगृह खिशात, जबाबदारी शिरावर

जत्रेचे दिवस आले की आमच्या गावोगावच्या देवळांसमोर आजही मांडव उभे राहतात. रात्री उशिरा नाटकाचा पडदा वर जातो आणि पहाटेच्या गारव्यात भरतवाक्य होते. पूर्वी हे नाटक उजाडताच संपत असे. पुढे ते उरे केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत आणि पारावरच्या गप्पांत. आता तसे राहिलेले नाही. पहिल्या अंकापासूनच प्रेक्षकांत दहा-वीस हात वर झालेले दिसतात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. पौषातल्या चांदण्यात मांडावर धालो रंगतात, तेथेही हेच दृश्य. म्हणजे आमच्या लोकजीवनाचे चित्रण आज जितके होत आहे तितके मागे कधीही झाले नव्हते. आणि तरीही आम्ही असे म्हणतो की, त्यातले फारच थोडे पुढच्या पिढीच्या हाती लागणार आहे.

हे विधान कोणास विचित्र वाटेल. परंतु या चित्रणाचे पुढे काय होते ते ज्याने त्याने आपल्याच मोबाईलमध्ये पाहावे. तीन तासांच्या नाटकाचे सात तुकडे, त्यांपैकी दोन उलटे, एकात समोरच्या माणसाचे डोके, चौथ्यात निम्मा वेळ शेजाऱ्याचे बोलणे! हे तुकडे कोणी पाहत नाही. मोबाईल भरला की ते पुसले जातात आणि त्यांच्याबरोबर एखाद्या वृद्धेच्या कंठातली, कदाचित तिच्यानंतर कोणालाही न येणारी ओवीही पुसली जाते. उणीव आहे ती संकलनाची. काय ठेवायचे, काय गाळायचे, कशानंतर काय यायचे, हे ठरवून चित्रांची संगती लावणे म्हणजे संकलन. शेतातून भात घरी आले म्हणून कोणी त्यास जेवण म्हणत नाही. मळणी, कांडप आणि चूल मध्ये असतेच.

मग हे संकलन होत का नाही? आमच्या तरुणांना हौस नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण वेगळी आहे. घरी संगणक नाही, किंवा आहे तो धाकट्या भावाच्या अभ्यासाचा. शाळेत संगणक आहेत, वाचनालयात एखादा आहे, मामाच्या कचेरीत आहे. परंतु त्यांवर नवे सॉफ्टवेअर बसवायचे म्हटले की पडद्यावर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागणारी चौकट उभी राहते. तो शब्द ज्याच्यापाशी असतो तो गृहस्थ तालुक्याच्या गावी असतो. यंत्र समोर असून उपयोग नाही, अशी ही स्थिती. विहीर आहे, पोहरा नाही!

या अडचणीवर एक साधा आणि आता चांगला रुळलेला उपाय आहे, व त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे यासाठीच हा लेखनप्रपंच. तो उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारे पोर्टेबल सॉफ्टवेअर. आमच्या भाषेत 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी म्हण आहे. ती या प्रकारास जशीच्या तशी लागू पडते. सर्वसाधारण सॉफ्टवेअर संगणकात बसवले जाते तेव्हा ते घर बांधून राहते. आपल्या फायली ते ठरलेल्या जागी मांडते, विंडोज प्रणालीच्या 'रजिस्ट्री' नामक दप्तरात आपली नोंद करते, आवडीनिवडी तिसऱ्याच ठिकाणी लिहून ठेवते. त्या दप्तरात व त्या जागी हात घालायचा म्हणूनच व्यवस्थापकाची परवानगी लागते. पोर्टेबल सॉफ्टवेअर घर बांधत नाही. त्याला लागणारे सर्व सामान एकाच फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा, पेनड्राइव्ह संगणकाला लावावा, आतल्या मुख्य फायलीवर दोनदा टिचकी मारावी, की काम सुरू. काम संपले, सॉफ्टवेअर बंद केले, पेनड्राइव्ह काढला; बिऱ्हाड उठले.

ही कल्पना आजची नव्हे. एव्हरी ली नावाच्या तरुणाने महाविद्यालयात शिकत असताना स्वतःच्या गरजेपोटी 'व्हर्च्युअलडब' हे चित्रफितींची काटछाट करणारे सॉफ्टवेअर लिहिले व ते २००० साली सर्वांसाठी खुले केले. ते कधी बसवावे लागतच नसे. गाठोडे सोडले की चालू. योगायोग असा की, पेनड्राइव्हही बाजारात आला तो त्याच साली. त्या पहिल्या पेनड्राइव्हची क्षमता होती ८ मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाईलवरील चित्रणाचे जेमतेम पाच सेकंद! आज ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह सामान्य माणसाच्या आटोक्यात आहे. क्षमता आठ हजारपटींनी वाढली. २००४ साली जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स या न्याहाळकाची पोर्टेबल आवृत्ती काढली आणि त्यातून पुढे पोर्टेबल सॉफ्टवेअरचा एक मोठा संग्रहच उभा राहिला. चित्रसंकलनापुरते बोलायचे तर आज 'शॉटकट' हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी पोर्टेबल गाठोड्याच्या रूपात मिळते, 'केडेनलाइव्ह' न बसवता चालणाऱ्या आवृत्तीत मिळते, आणि नुसते तुकडे कापायचे असतील तर 'लॉसलेसकट' हे छोटेखानी साधन आहे. लिनक्स प्रणालीवर हीच कामगिरी 'ॲपइमेज' ही एकच फाईल बजावते. या साऱ्यांसाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

या घटनेचे मोल नीट कळायचे तर मागे वळून पाहावे लागते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला तेव्हा त्यांचे राहते घर हीच चित्रशाळा होती. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचे हात राबले होते. भारतीय चित्रपट जन्मला तो असा घरात. पुढे तो स्टुडिओत गेला, भांडवलाच्या स्वाधीन झाला. फिल्म कापण्या-जोडण्याची यंत्रे सामान्यांच्या नजरेसही पडेनात. व्हिडिओ टेपचा जमाना आला तरी संकलनासाठी दोन-दोन यंत्रे लागत. एका टेपवरून दुसरीवर उतरवून घ्यावे लागे आणि प्रत्येक उतरवणीत चित्र फिकट होई. संगणकाने हा दोष नाहीसा केला, परंतु महागड्या सॉफ्टवेअरची नवी भिंत उभी केली. आता शतकभरानंतर ती भिंतही खचली आहे. जे संकलनगृह स्टुडिओच्या कुलपात होते ते खिशात आले आहे. पणजीत २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्या झगमगाटाकडे पाहणाऱ्या गावच्या पोराला आपल्या जत्रेचे अर्ध्या तासाचे चित्र स्वतः सिद्ध करता येणे, हे आमच्या लेखी त्या झगमगाटाहून कमी मोलाचे नाही.

साधन फिरते असले की त्याला अडवणे अवघड होते, हे आमच्या या भूमीला तरी वेगळे सांगण्याचे कारण नाही. सालाझारच्या राजवटीत येथे सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय लग्नपत्रिकाही छापता येत नसे. त्या काळात, १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या अरण्यात राहून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे नभोवाणी केंद्र चालविले. त्यांच्यापाशी ना प्रशस्त इमारत होती, ना नोकरांचा ताफा. तरीही तो आवाज घरोघर पोचला. आजचा प्रसंग त्या तोलाचा मुळीच नाही आणि तशी बरोबरी करणे हा त्या त्यागाचा उपमर्द ठरेल. परंतु आपली गोष्ट आपण सांगायची तर सांगण्याचे साधन आपल्या हाती हवे, हा त्यातला धडा मात्र आजही जसाच्या तसा खरा आहे.

येथवर गुण गाइले. आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर वाचकांची फसगत केल्याचे पाप आम्हांस लागेल. पहिली मर्यादा अशी की, पेनड्राइव्ह साधन नेतो, बळ नेत नाही. आचाऱ्याने आपली पळी, झारा, उलथने सोबत नेले तरी चूल यजमानाचीच असते. सॉफ्टवेअर तुमचे असले तरी ते चालते त्या संगणकाच्या मेंदूवर आणि स्मृतीवर. मोबाईलच्या नेहमीच्या चित्रणात एका चौकटीत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. मोबाईल ही माहिती घट्ट दाबून साठवतो. संकलन करताना ती क्षणोक्षणी उलगडावी लागते. म्हणून अशा चित्रणासाठी संगणकात निदान ८ गिगाबाइट स्मृती असावी असे शॉटकटचे कर्तेच सांगतात. जुन्या, थकलेल्या संगणकावर चित्र अडखळत चालले तर दोष पेनड्राइव्हला देऊ नये. यावर तोड म्हणजे 'प्रॉक्सी'. मूळ चित्रणाची लहान आकाराची प्रतिकृती सॉफ्टवेअर स्वतः तयार करते, काटछाट त्या प्रतिकृतीवर करायची आणि शेवटची प्रत मात्र मूळ चित्रणावरून निघते. शॉटकट व केडेनलाइव्ह या दोहोंत ही सोय आहे.

दुसरी मर्यादा वेगाची. मोबाईलचे चित्रण मिनिटाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट जागा घेते. म्हणजे तीन तासांचे नाटक वीस गिगाबाइटच्या घरात गेले. स्वस्त पेनड्राइव्हवर सेकंदाला दहा मेगाबाइट उतरत असतील तर एवढा ऐवज उतरवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाईल. तेव्हा पेनड्राइव्ह आणि संगणकाचे छिद्र दोन्ही 'यूएसबी ३' प्रकारची असावीत. हा प्रकार २००८ सालचा असून पुष्कळ ठिकाणी ते छिद्र आतून निळे असते. शक्य तेथे चित्रण तात्पुरते संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावे, काम तेथे करावे आणि जाताना सारे परत घेऊन यजमानाची जागा स्वच्छ करावी. आणखी एक गोम अशी की, पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने आखलेला असेल तर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी एकच फाईल त्यावर मावत नाही, मग आत कितीही जागा मोकळी असो. तो आधीच 'एक्सफॅट' पद्धतीने आखून घ्यावा. मात्र आखणी करताना आतले सर्व पुसले जाते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट नवशिक्यांना फार छळते. संकलनाची म्हणून जी फाईल आपण जतन करतो तिच्यात चित्रे नसतातच. कोणत्या चित्रफितीचा कोणता भाग कोणत्या क्रमाने दाखवायचा, याची ती केवळ यादी असते. आज पेनड्राइव्ह 'ई' या अक्षराने ओळखला गेला, उद्या दुसऱ्या संगणकावर 'एफ' झाला, तर यादीतले पत्ते चुकू शकतात आणि पडद्यावर चित्राऐवजी रिकामी चौकट येते. चित्रण, आवाज, छायाचित्रे व ती यादी हे सर्व एकाच फोल्डरात ठेवले तर शॉटकट पत्ते त्या फोल्डरापासून मोजते आणि हा घोटाळा टळतो. त्याचप्रमाणे आपल्या आवडीनिवडी कोठे साठवायच्या तेही सॉफ्टवेअरच्या मेनूतून पेनड्राइव्हवर वळवून घ्यावे. तसे केले नाही तर बिऱ्हाड उठले तरी काही भांडी यजमानाच्या घरी राहून जातात. आणि काम संपल्यावर पेनड्राइव्ह हिसकून काढू नये. संगणकाचा रीतसर निरोप घ्यावा. पेनड्राइव्ह हरवतो, बिघडतो, धुण्याच्या कपड्यांत जातो. ज्या चित्रणाची एकच प्रत आहे ते नसल्यात जमा समजावे व निदान दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.

विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड असते, तशी त्याच्या नांगीत विषबाधाही असते. संगणकांना बाधणारे व्हायरस गावोगाव फिरवण्याचे काम पेनड्राइव्हनेच वर्षानुवर्षे केले. २००८ साली पसरलेल्या 'कॉन्फिकर'चा एक मार्ग पेनड्राइव्ह हाच होता. २०१० साली उघडकीस आलेला आणि इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रांना लक्ष्य करणारा 'स्टक्सनेट' हाही पेनड्राइव्हद्वारे पसरणारा होता. पेनड्राइव्ह लावताच आतले काही आपोआप चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्ये २०११ साली बंद केली, त्याचे कारण हेच. म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्यांकडूनच घ्यावे, मित्राच्या मित्राकडून नव्हे. आणि परक्या संगणकावरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्यावाचून घरच्या संगणकाला लावू नये.

याच ठिकाणी एका अप्रिय विषयाला हात घालणे आम्हांस कर्तव्य वाटते. बाजारात नामांकित, महागड्या संकलन-सॉफ्टवेअरच्या 'पोर्टेबल' म्हणवल्या जाणाऱ्या आवृत्त्या पेनड्राइव्हमधून हातोहात फिरत असतात. त्या कर्त्यांनी काढलेल्या नसतात. कोणी तरी कुलूप फोडून काढलेला तो चोरीचा माल असतो. त्यात आणखी काय दडवले आहे हे घेणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. चोराने आणून दिलेल्या पेटीत चोरच बसलेला असला तर तक्रार कोणाकडे करणार? आमच्या तरुणांनी फुकट आणि मुक्त या दोन शब्दांतला भेद ओळखावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली ती पैसे वाचवण्यासाठी नव्हे. साधन कसे घडले आहे ते पाहण्याचा, ते बदलण्याचा आणि शेजाऱ्यास देण्याचा हक्क वापरणाऱ्यास असावा, हा तिचा गाभा. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही त्याच परंपरेतली. ती शेजाऱ्यास देणे ही चोरी नसून तो आपला अधिकार आहे. असे प्रामाणिक साधन दारात उभे असताना चोरीच्या मालाकडे हात पसरणे हा निव्वळ करंटेपणा होय. स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांमधली रेषा राष्ट्राच्या जीवनात असते तशीच ती पेनड्राइव्हमध्येही असते.

परवानगीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. पोर्टेबल सॉफ्टवेअरला परवलीचा शब्द लागत नाही, याचा अर्थ परवानगी लागत नाही असा नव्हे. कुलूप नसलेल्या घरात शिरणाराही विचारूनच शिरतो. कचेरीचा, शाळेचा, वाचनालयाचा संगणक हा सार्वजनिक विश्वासाचा ठेवा आहे. काही ठिकाणी पेनड्राइव्हवरून काहीही चालवण्यास मुद्दाम बंदी केलेली असते. ती चुकवण्याच्या युक्त्या शोधू नयेत, मुख्याध्यापकांकडे वा ग्रंथपालांकडे जावे आणि आपले काम सांगावे. आमचा अनुभव असा की, सरळ मागणाऱ्यास सहसा नकार मिळत नाही. आणि जशी यंत्रमालकाची, तशीच चित्रातल्या माणसांचीही परवानगी घ्यावी. मांडावर धालो खेळणाऱ्या आयाबहिणींनी आपले गाणे मांडासाठी म्हटलेले असते. ते जगापुढे मांडायचे की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा. कात्री हाती आली की काय गाळायचे याचीही सत्ता हाती येते. एखाद्याचे अर्धे वाक्य कापून त्याच्या तोंडी भलताच अर्थ घालणे आज फार सोपे झाले आहे. ते न करणे यातच संकलकाचे शील आहे.

तेव्हा आता कोणी काय करावे? आमची सूचना लहान आहे व तीस खर्चही फार नाही. प्रत्येक गावच्या वाचनालयाने किंवा नाट्यमंडळाने एक चांगला पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावर कर्त्यांकडून आणलेले मुक्त संकलन-सॉफ्टवेअर ठेवावे. शाळांनी सुट्टीच्या दिवशी दोन संगणक या कामास मोकळे करावेत आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाने चार होतकरू मुलामुलींना महिनाभर हाताशी धरावे. जत्रा आटोपली की ज्यांनी ज्यांनी चित्रण केले त्यांनी ते येथे आणून द्यावे. उत्तम तेवढे निवडून त्याची संगती लावावी. सुरुवातीस गाव, देवस्थान, तिथी, नाटकाचे व नटांचे नाव आणि गाणाऱ्या स्त्रियांची संमती असल्यास त्यांची नावे घालावीत. तयार झालेल्या चित्राच्या दोन प्रती, एक वाचनालयात आणि एक देवस्थानच्या कचेरीत. पाच वर्षे हे नेमाने झाले तर गावाचा असा दप्तरखाना तयार होईल की जो कोणत्याही सरकारी खात्यास बाहेरून येऊन उभा करता येणार नाही.

आमच्या पूर्वजांनी पोथ्या नकलून ठेवल्या म्हणून त्या आमच्यापर्यंत आल्या. पोथी नकलणाऱ्यापाशी बोरू, शाई आणि सवड एवढेच होते. शेवटी आपले नाव-गाव व तिथी लिहून, चुकले-माकले असल्यास क्षमा मागून तो थांबत असे. आज बोरूच्या जागी बोटाएवढा पेनड्राइव्ह आला आहे. बाकी काम तेच आहे आणि ते करणाऱ्यापाशी असावी लागणारी निष्ठाही तीच. येत्या जत्रेच्या हंगामात निदान एका गावाने या कामाचा श्रीगणेशा करावा. नाटक संपल्यावर मोबाईल खिशात घालून घरी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने स्वतःला एवढेच विचारावे: यातले पुढच्या वर्षी काय उरणार आहे?